‘इआ ओराना मारिआ’ला मराठीत काय म्हणावं?

फ्रेंच चित्रकार पॉल गोगँच्या ‘इआ ओराना मारिआ’ या येशूच्या आईच्या, मारियेच्या चित्राचं नाव मराठीत ‘जय मारिया’ लिहावं की ‘नमो मारिया’, आणि ‘ओराना’ म्हणजे नेमकं काय, असं विचारलं आहे. माझं उत्तर ‘नमो मारिया’. मात्र ‘ओराना’चा अर्थ नमन नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘इआ ओराना’ हा ताहितीतला, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या त्या बेटावरच्या भाषेतला, रोजचा रामराम. ‘इआ’ हे इच्छा दाखवणारं अव्यय, आपल्या ‘असो’, ‘होवो’सारखं. ‘ओरा’ म्हणजे जीव, जगणं, धडधाकट असणं. न्यूझीलंडच्या माओरींचं ‘किआ ओरा’ हे याचंच भावंड. तेव्हा शब्दाला शब्द ठेवायचा तर ‘औक्षवंत हो’. पण आपल्याकडे वाकायचं धाकट्याने आणि औक्षवंत हो म्हणायचं थोरल्याने. ‘औक्षवंत हो, मारिया’ असं लिहिलं तर आजी सुनेच्या डोक्यावर हात ठेवते आहे असं वाटेल. ताहितीत कुणीही कुणाला ‘इआ ओराना’ म्हणतं, लहानमोठं पाहावं लागत नाही.

मुळात हे देवदूताचे शब्द. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माचा निरोप घेऊन आलेला देवदूत मारियेला ग्रीकमध्ये ‘खैरे’ म्हणतो, म्हणजे आनंदी राहा. लॅटिनमध्ये त्याचं ‘आवे’ झालं, आणि ‘आवे मारिया’ ही ख्रिस्ती प्रार्थना त्याच शब्दाने सुरू होते. ज्या भाषेत ही प्रार्थना गेली तिने आपापला नमस्कार तिथे बसवला. ताहितीने आयुष्य चिंतलं, आपण वाकलो: मराठीत ‘नमो मारिया’, कोंकणीत ‘नमान मोरिये’. आणि हे ‘नमो’ काही उसनं नाही. ज्ञानेश्वरी ‘ॐ नमोजी आद्या’ने उघडते, आणि १६१६ साली गोव्यात राशोलला छापलेल्या फादर स्टीफन्स या धर्मगुरूच्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्याचा आरंभही ‘नमो’नेच होतो. ‘जय’ला माझा विरोध एवढ्यासाठी, की जयजयकार जमाव करतो. इथे समोरासमोरची भेट आहे.

ती भेट चित्रातच पाहा. गोगँ १८९१ च्या जूनमध्ये ताहितीला पोचला आणि त्याच वर्षी त्याने हे रंगवलं (आता ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे). नाव त्याने चित्राच्या खालच्या भागात कॅपिटल अक्षरांत लिहिलं आहे. मारिया ताहितीचीच बाई, अंगाभोवती फुलाफुलांचं लाल पारेओ (तिथलं गुंडाळून नेसायचं वस्त्र), खांद्यावर बाळ. दोघांच्या डोक्यांभोवती तेजोवलयाची बारीक रेघ, ती नजरेतून सुटली तर ही कुणीही मायलेकरं वाटतील. पुढ्यात केळी आणि इतर फळं मांडलेली. मागे फुललेल्या झाडाआड पिवळ्या पंखांचा देवदूत जवळजवळ लपलाय. बाळ आधीच खांद्यावर आहे, म्हणजे देवदूताने निरोप आणला तो प्रसंग हा नव्हे. तो इथे दोन बायकांना मायलेकरांचं दर्शन घडवतो आहे. म्हणून ‘इआ ओराना’ हे बोल या चित्रात मला त्या बायकांचे वाटतात.

आणि त्या बायकांचे हात! दोघींनी तळवे जुळवून छातीशी धरलेत. ताहितीत भेटताना असे हात जोडत नाहीत. गोगँकडे जावातल्या बोरोबुदुरच्या बौद्ध शिल्पांचे फोटो होते, त्यांतून त्याने ही ठेवण उचलली. ‘नमो’ शब्दात ‘ओरा’ कुठेच नाही हे खरं, पण बोरोबुदुरला ते हात ज्या नमनासाठी जुळले होते, ते हेच.