फॅक जागं करण्याआधी

फॅक म्हणजे फोकल ॲडहीजन कायनेज, पेशी पृष्ठभागाला चिकटली की जागं होणारं एन्झाइम. कॅटलॉगात 'फॅक ॲक्टिव्हेटर', म्हणजे ते जागं करणारं रसायन, दिसलं की लगेच ऑर्डर टाकू नकोस. त्या यादीतली बरीच रसायनं फॅकला हातही लावत नाहीत. एलपीए (लायसोफॉस्फॅटिडिक ॲसिड, एक लिपिड) पेशीच्या रिसेप्टरवर बसतं, त्यातून ऱ्हो नावाचं स्विचसारखं प्रथिन चालू होतं, आणि मग कुठे फॅकच्या ३९७ क्रमांकाच्या जागेवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढतं; फॅक जागं झाल्याची खूण तीच. व्हॅनाडेट तर नुसतं फॉस्फेट उतरवणाऱ्या एन्झाइमला अडवतं. त्यामुळे फॅकच काय, निम्मी पेशी उजळते.

सीरममध्ये एलपीए असतंच, म्हणून पेशी आधी रात्रभर सीरमविना उपाशी ठेव. नाहीतर ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन पट्टीसारखं दाखवणारी चाचणी) रसायन न दिलेल्या कंट्रोलची पट्टीही तितकीच गडद येते नि तू अँटिबॉडीला शिव्या घालत बसतोस. एलपीए प्लास्टिकला चिकटतं, फॅटी ॲसिड काढलेल्या बीएसएमध्येच (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) विरघळव.

व्हॅनाडेटने माझे दोन महिने खाल्ले. पिवळं द्रावण तसंच वापरत होतो! पीएच १० ला आण, रंग जाईपर्यंत उकळ, गार झाल्यावर पीएच पुन्हा बघ. पिवळं झालं तर परत तेच.

आणि खरं सांगू? सगळ्यात भरवशाचा ॲक्टिव्हेटर बाटलीत मिळत नाही. पेशी प्लेटवरून सोडवून तरंगत ठेव, फॅक थंडावतं. फायब्रोनेक्टिनवर, म्हणजे पेशी ज्याला धरून बसतात त्या प्रथिनावर टाक, अर्ध्या तासात पट्टी दिसेल. हा कंट्रोल प्रत्येक ब्लॉटवर हवाच, शेजारी एकूण फॅकही (फॉस्फेट असलेलं-नसलेलं सगळं).