नाणेसंग्राहकांचे प्रश्न : रंग चढलेल्या रुपयाला एवढे पैसे?

प्रश्न : मी आणि माझा एक मित्र, दोघेही जुनी नाणी जमवतो. अलीकडे एका लिलावात पाचव्या जॉर्जचा १९१९ चा रुपया साध्या, पांढऱ्याशुभ्र रुपयाच्या कितीतरी पट किमतीला गेला. कारण एकच, त्याच्यावर निळा-जांभळा रंग चढला होता. मित्र म्हणतो, चांदी काळी पडायला लागली त्याला कसले पैसे? मी म्हणतो, आपोआप आलेला रंग आहे, परत तसा दुसरा मिळायचा नाही. खरं किंमत ऐकून मीही गार पडलो. बरोबर कोण? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : मित्र म्हणतो ते खरंच आहे. हवेतला गंधक चांदीला लागला की तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. देवघरातलं निरांजन काळं पडतं तेही यानेच. खरं हा थर अगदी पातळ असतो तेव्हा काळा दिसत नाही. ओल्या डांबरी रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखं इथंही होतं. उजेड थराच्या वरून आणि खालून असा दोनदा परततो आणि डोळ्याला रंग दिसतात. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-किरमिजी, मग निळा. थर वाढतच गेला तर शेवटी काळाकुट्ट. तुम्ही ज्याला सौंदर्य म्हणता ते काळं पडण्याच्या वाटेवरचं मधलं स्टेशन आहे, एवढं मान्य करून टाका.

हे वेड मुख्यतः अमेरिकेतलं. तिथले मॉर्गन डॉलर, म्हणजे जुने चांदीचे डॉलर, हजार-हजारांच्या कापडी थैल्यांतून सरकारी तिजोरीत पडून होते. १९६० नंतरच्या दोन-चार वर्षांत ते ढिगाने बाहेर आले, तेव्हा कापडाला टेकून राहिलेल्या काही नाण्यांवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे निघाले. १८८१ चा सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा डॉलर सव्वा कोटीच्या वर पाडलेला, म्हणजे दुर्मीळ म्हणायची सोयच नाही. तरी त्यातला रंगीत, देखणा नग निघाला की तिथले लोक हट्टाला पेटतात आणि दुसरे तितक्याच हट्टाने त्यांना वेड्यात काढतात. तुमचं दोघांचं भांडण काही निपाणीत जन्मलेलं नाही.

आता माझं मत. रंगाला जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही, खरं तो रंग न झिजलेल्या नाण्यावर हवा. रुपया दिव्याखाली धरून हळूहळू तिरका फिरवा. टांकसाळीतून निघालेल्या नाण्यावर चमकेचा एक पट्टा चाकाच्या आरीसारखा गोल फिरतो. तो रंगाच्या आतूनही फिरताना दिसला तर चांदीचा मूळ पृष्ठभाग शाबूत आहे. नुसता रंग आहे आणि खाली मेल्यासारखं मुकाट, तर कधीतरी कुणीतरी नाणं घासलंय आणि रंग नंतर चढलाय. मग तो कितीही देखणा असो, मी हात लावत नाही.

शहापुरातल्या एका सराफाच्या खणात जुन्या वहीच्या कागदात गुंडाळलेला सातव्या एडवर्डचा रुपया मला मिळाला होता. कडेने गवती सोनेरी, आत येता येता तांबूस, आणि दाढीच्या खालच्या खोलगट जागेत जेमतेम निळसर. अक्षरांच्या अगदी बुडाशी चांदी अजून पांढरी. रंग कडेने आत सरकला की असं दिसतं, म्हणजे तो कुणाच्या घाईने आलेला नसतो. गंधकाची वाफ देऊन किंवा तव्यावर तापवून आणलेला रंग उंचवट्यावरून खोलगट भागात बेधडक वाहत जातो, सोनेरी-किरमिजीची पायरी गाळून एकदम भडक निळा होतो. झिजलेल्या रुपयावर असा भडक निळा दिसला की मी दुकानदाराला नमस्कार करून निघतो. नाणं तपासून त्याला श्रेणी देणाऱ्या आणि डबीत बंद करणाऱ्या ग्रेडिंग कंपन्याही संशयास्पद रंगाच्या नाण्याला साधी श्रेणी देत नाहीत. खरं डबीत बंद आहे म्हणून आपले डोळे मिटायचे नसतात.

आणि तो लिलावाचा आकडा. आकडा चढायला दोन हट्टी माणसं पुरतात. त्यातला एक पुढच्या खेपेला आला नाही की तोच रुपया कितीला जाईल? १९३९ चा रुपया सापडतच नाही, त्याला पैसे का, हे कुणी विचारत नाही. १९१९ चा रुपया बेळगावातल्या कुठल्याही सराफाकडे निघतो. त्याच्यावर दिलेले जादा पैसे फक्त तुमच्या डोळ्याच्या आवडीचे. आवडला असेल तर घ्या, पोरांना वारसा म्हणून घेऊ नका.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांचे दहा-बारा चांदीचे रुपये आहेत. दर लक्ष्मीपूजनाला चिंच लावून घासतो. यंदा विकायचे म्हणतो. आधी चमकवून घेऊ का? (वाचक, चिकोडी)

उत्तर : नको! चिंच, रांगोळी, दातांची पावडर, सगळंच नको. थर निघतो तेव्हा वरची चांदीही सोबत घेऊन जातो, आणि बारीक ओरखडे भिंगाखाली लगेच दिसतात. तुमच्या राजाच्या दाढीत कुंकू अडकलेलं असणार, ते राहू द्या. पूजेला दोन रुपये वेगळे काढा, बाकीच्यांना पुन्हा हात लावू नका. रबरबँडही काढून टाका, रबरातला गंधक नाण्यावर काळी रेघ उमटवतो. मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं असतील तर तीही बदला, त्यांनी नाण्यावर हिरवा चिकट थर येतो.

प्रश्न : भाचा परदेशात असतो. तिथे रंगीत नाण्यांना इकडच्यापेक्षा जास्त पैसे मिळतात म्हणे. व्हिक्टोरियाचे रुपये त्याच्याबरोबर पाठवू का? (वाचक, खानापूर)

उत्तर : मुळीच नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. व्हिक्टोरियाचे तर सगळेच त्यात आले, एडवर्डचेही, आणि वर्ष सरेल तसे पाचव्या जॉर्जचे एकेक येत चाललेत. देशातल्या देशात विका, पावती घ्या. भाच्याला फोटो पाठवा.