एका प्रश्नावरून क्षेत्र बदलू नकोस

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्लेसमेंटच्या सराव परीक्षेत एकमेकांवर येणारे इंटरव्हल (म्हणजे सुरुवात आणि शेवट दिलेले कालावधी) एकत्र करण्याचा प्रश्न आला. कोड पाठ होता, तरी बऱ्याच टेस्ट केस फेल झाल्या. डेव्हलपमेंट सोडून टेस्टिंगकडे वळू का?

उत्तर : टेस्टिंग आवडत असेल तर जरूर जा, पण या पेपरला घाबरून नको. तिथेही कोड नेमका कुठे फसेल, हेच शोधायचं असतं. तुझी अडचण पाठांतराची आहे. तेव्हा कोड बाजूला ठेव आणि वहीत सोडव.

एका हॉलची बुकिंग घे : १६ ते १७, १० ते ११, ९ ते १३, १२ ते १४. आधी सुरुवातीच्या वेळेनुसार सॉर्ट कर. का? कारण मग पुढचं प्रत्येक बुकिंग आधीच्याच वेळेला किंवा नंतर सुरू होतं, त्यामुळे ते फक्त शेवटच्या गटाशी ताडून पाहिलं की पुरतं. दहा हजार इंटरव्हल असतील, तर प्रत्येक जोडी तपासायला सुमारे ५ कोटी तुलना लागतात. सॉर्टिंगचं काम साधारण दीड लाखात होतं आणि नंतर एकच फेरी. मुलाखतीत हे ‘का’ तुला सांगता आलं पाहिजे.

आता जोडायला घे. ९ ते १३ मध्ये १० ते ११ येतं. इथे बरीच मुलं गटाचा शेवट ११ करून टाकतात. मग ११ ते १२ हॉल रिकामा दिसतो, आणि तो तर १३ पर्यंत घेतलेला आहे! दोन शेवटांपैकी मोठा ठेवायचा. तसं केलंस की १२ ते १४ आपोआप जोडलं जातं आणि उत्तर येतं ९ ते १४, १६ ते १७. माझा अंदाज, तुझे मार्क याच ओळीत गेले असावेत. एक इंटरव्हल दुसऱ्याच्या पूर्ण पोटात असेल अशी केस स्वतः बनवून तुझा कोड चालवून बघ.

१ ते ४ आणि ४ ते ५ जोडायचे की वेगळे ठेवायचे, हे प्रश्नात दिलेलं नसेल तर मुलाखतकाराला विचार. असं विचारण्यात कमीपणा नाही, उलट तू नीट विचार करतोस हे त्यांना दिसतं.

हे जमलं की पुढचा प्रश्न घे : सगळ्या मीटिंग बसवायला कमीत कमी किती खोल्या लागतील? त्याचा कोड कुठेही न बघता आधी वहीवरच सोडव.