कॅम्पातल्या दोस्ताला ‘चिनी’ म्हणतात, आणि आजीची गोंडी

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, धानाची शेती आहे. पोरगा दहावीत. त्याच्या वर्गात तिबेटी कॅम्पातला एक पोरगा आहे, दोघांची चांगली दोस्ती. पण बाकीचे पोट्टे त्याला चिनी, चिंकी म्हणतात, कोरोनापासून तर व्हायरस पण म्हणायला लागले. माझा पोरगा भांडला तर सर त्यालाच म्हणाले, अरे मस्करी आहे ती. घरी आमचे हे म्हणतात, ते बाहेरचे लोक, तू काऊन मधात पडतेस, आणि असं सगळं मिसळत गेलं तर आपली संस्कृती काय राहीन. याला वंशभेद म्हणतात का, का मीच उगाच ताणून राहिली?

उत्तर : ताई, वंशभेदच आहे हा. चेहरा पाहून माणूस कुठला ते ठरवायचं आणि मग त्यावरून त्याला डिवचायचं, याला अमेरिकाच पाहिजे असं काही नाही, अर्जुनी मोरगाव पण चालते.

आणि त्यात चिनी म्हणणं म्हणजे तर कहरच. १९५९ मध्ये दलाई लामा ल्हासा सोडून भारतात आले, मागोमाग हजारो लोक हिमालय ओलांडून आले, ते चीनच्या राजवटीतून जीव वाचवून. त्यातल्याच काही कुटुंबांना पुढं १९७० च्या दशकात तुमच्या भागात जमीन मिळाली, नॉर्ग्येलिंग हा तिबेटी कॅम्प वसला, आणि बर्फाच्या मुलखातले लोक आपल्या उन्हात धान रोवायला शिकले. म्हणजे आजा-आजी ज्या सत्तेपासून पळाले तिच्याच नावानं नातवाला हाक मारायची! हे वर्गात कोणी पाच मिनिटं नीट सांगितलं तर निम्मे पोट्टे आपोआप गप होतील, उरलेल्यांसाठी सरांना आवाज चढवावा लागेल. सरांना भेटा, एकट्या नका जाऊ, अजून दोन पालक घेऊन जा, जमलं तर त्या पोराच्या आईलाही विचारा की तिला काय वाटते. तिला न विचारता तिच्या पोरासाठी लढायला जाणं मला बरोबर वाटत नाही.

मस्करी म्हणता, तर जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलचा निडो तानिया नावाचा विद्यार्थी एका दुकानाजवळ पत्ता विचारायला थांबला, त्याच्या केसांवरून चिडवणं झालं, त्यातून भांडण, मारहाण, दुसऱ्या दिवशी पोरगा गेला. मग सरकारनं ईशान्येच्या लोकांसाठी बेजबरुआ समिती नेमली. सुरुवात चिडवण्यानंच झाली होती ना बाप्पा.

आता तुमच्या ह्यांचं ‘बाहेरचे’. २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ च्या आधी जो भारतात जन्मला तो कायद्यानं जन्मानंच भारताचा नागरिक, आईबाप कुठले का असेनात, आणि तिबेटी लोकांनाही हे लागू आहे असं दिल्ली हायकोर्टानं सांगितलंय. बरं, नागरिक नसला तरी पोराला डिवचायचं लायसन थोडीच मिळते कोणाला.

संस्कृतीचं म्हणाल तर आपला विदर्भ कधी एकजिनसी होता? मराठी आर्य कुळातली, गोंडी द्रविड कुळातली, मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली म्हणजे तिकडच्या संथालीच्या नात्यातली, आणि कॅम्पातली तिबेटी चौथ्याच कुळातली. गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेऱ्याकडे पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली, सिरोंच्याकडे तेलुगू. इतकं सारं शेजारी शेजारी नांदते तरी आपली मंडईची जत्रा भरतेच, झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतातच. दंडार, म्हणजे आपला लोकनाट्याचा खेळ, कमी झाली असेल तर ती मोबाईलनं केली, तिबेटी लोकांनी नाही.

पण मिसळणं म्हणजे लोसारला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, जाऊन मोमो खाणं आणि फोटो टाकणं एवढंच असेल तर मला त्यात फार काही वाटत नाही. त्या पोराला उद्या साकोलीला नाहीतर नागपूरला शिकायला भाड्यानं खोली मिळते का, एवढंच मी पाहीन. आणि खरं सांगू, गोऱ्यांच्या वंशभेदावर तावातावानं बोलणारे आपणच सून गोरी पाहिजे म्हणतो अन् खोली देताना आडनाव विचारतो. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लाहोरच्या भाषणासाठी लिहून ठेवलं (ते भाषण आयोजकांनी होऊ दिलं नाही ते वेगळं) की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे, जात ही वंशाची वाटणी नाहीच. तुमचे हे ऐकणारे असतील तर त्यांना हे एकदा विचारून पहा, का वंश कुठं संपतो आणि जात कुठं सुरू होते.

प्रश्न : आम्ही कोरचीकडचे. सासूबाई नातवाशी गोंडीतच बोलतात. शाळेत मराठी कच्ची राहून पोरगा मागं पडेल म्हणून त्यांना थांबवावं का?

उत्तर : नाही. लहान पोरं दोन भाषा सहज पेलतात, आणि शाळेत, बाजारात, टीव्हीवर मराठी-हिंदी कानावर पडतच राहते. गोंडी तशी छोटी भाषा नाही, २०११ च्या जनगणनेत २९ लाखांवर लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितली, तरी राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीत, तिला जागा नाही. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःच गोंडी शाळा काढली. तुमच्याकडे आजीच आहे, फुकट. अक्षरओळखीत अडला तर गुरुजींना सांगून ठेवा की घरची भाषा वेगळी आहे, म्हणजे पोरगा गप बसला तर ते त्याला ढ समजणार नाहीत.