रेट्रो पार्टी, हजार रुपये आणि ड्रेपरीवाल्याची अनामत

तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. शनिवारी नवऱ्याच्या ऑफिसची सत्तरच्या दशकाची थीम पार्टी, दोघांचं मिळून बजेट १००० रुपये, आणि ड्रेपरीवाला, म्हणजे पोशाख भाड्याने देणारा, भाडं सोडून ५००० अनामत मागतोय. वर म्हणतोय, "मापं फोनवर सांगा, कपडे शनिवारी दुपारी घरपोच पाठवतो." ताई, एवढं मात्र करू नका. अगदी हेच मी सहा वर्षांपूर्वी केलं होतं.

मोठ्या दिरांची पन्नाशी होती, थीम जुने मराठी चित्रपट. मी लावणीवाली आणि हे फेटेवाले पाटील, असं ठरलं. एका दुकानातून दोघांचे कपडे फोनवरच ठरवले. भाडं १८००, अनामत ४०००, सगळं रोख, पावती नाही. गठ्ठा हातात पडला तो कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला. नऊवारीवरचं ब्लाउज माझ्या दंडातून वर सरकेना. ह्यांच्या कोटाच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वरच संपल्या, आणि कोटाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी डाग. शेवटी मी घरातली पैठणी नेसले, हे साध्या झब्ब्यात आले. दुसऱ्या दिवशी कपडे परत करायला गेलो तर तोच डाग आमच्या नावावर! ४००० मधले १५०० हातावर ठेवले. मी खूप भांडले. पण गठ्ठा उघडताना फोटो काढलेला नाही, पावती नाही. ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तरी काय दाखवणार होते? अंगाला न लागलेल्या कपड्यांपायी ४३०० रुपये गेले. त्याहून जास्त लागलं ते फोटो बघून. घरच्याच कार्यक्रमात सगळे नटलेले आणि आम्ही दोघं परक्यासारखे कडेला उभे.

सगळेच ड्रेपरीवाले असे नसतात. मुलाच्या स्नेहसंमेलनाला मावळ्याचा पोशाख आम्ही भाड्यानेच आणला होता आणि तो माणूस फार चांगला निघाला. तरी घ्यायचंच असेल तर दुकानात जाऊन अंगावर घालून बघा, हात वर करा, खाली बसून बघा, आणि प्रत्येक डाग-उसवण मालकासमोर फोटोत घेऊन पावतीवर लिहून घ्या. लिहून द्यायला का-कू केली तर तिथून उठा.

पण माझं स्पष्ट मत, तुम्हाला भाड्याची गरजच नाही. त्या पन्नाशीला माझ्या चुलत सासऱ्यांनी काय केलं सांगते. ढगळ हाफपँट आणि गुडघ्यापर्यंत लोंबणारी नाडी, बास. फाटकातून आत आले आणि सगळे ओरडले, "दादा कोंडके!" खर्च झाला असेल नाडीचा. त्यांचा 'सोंगाड्या' सिनेमा १९७१ चा, म्हणजे तुमच्या थीममध्येही बसतो. नुसतं 'सत्तरचं दशक' बनायला गेलं की चमचमता शर्ट आणि मोठा गॉगल घातलेली वीस माणसं एकसारखी दिसतात. एक ओळखीचा माणूस धरा आणि त्याची एकच खूण नीट करा.

जोडीने जायचंय तर 'रजनीगंधा' सिनेमा (१९७४). तुम्ही साधी छापील साडी आणि एक वेणी, तुमच्या ह्यांचा साधा शर्ट, आणि त्यांच्या हातात निशिगंधाचा, म्हणजेच रजनीगंधाचा, गुच्छ. फुलं शनिवारीच घ्या, शिळी लगेच कळतात. मात्र ऑफिसात पंचविशीतली मंडळी जास्त असतील तर ती हा सिनेमा ओळखणार नाहीत; मग तुमच्या ह्यांना 'गोलमाल' (१९७९) करा, तोकडा कुर्ता आणि मिशी. मिशी चिकटवण्यापेक्षा तपकिरी आयब्रो पेन्सिलने काढा. मिशी चिकटवायच्या स्पिरिट गमने माझ्या भाच्याच्या ओठावर पुरळ उठलं होतं. सगळ्यांना उठतंच असं नाही, मी काही डॉक्टर नाही, पण लावायचाच तर आदल्या दिवशी मनगटावर लावून बघा.

तुम्हाला एकटीला वेगळं काही हवं असेल तर 'बॉबी' (१९७३). ठिपक्यांच्या शर्टाला कमरेशी गाठ, खाली मिनीऐवजी लांब स्कर्ट घातला तरी कळतं. स्वस्त विग मुळीच घेऊ नका, फोटोत तो सगळ्यात आधी दिसतो. त्यापेक्षा स्वतःच्या केसांचा फुगा काढा; एक कंगवा, थोडा स्प्रे आणि वीस मिनिटं लागतात.

बेलबॉटम विकत घेऊ नका. जुनी जीन्स गुडघ्यापासून खाली बाहेरच्या शिवणीवर उसवून त्यात वेगळ्या कापडाची कळी, म्हणजे तिकोनी तुकडा, घाला. खालच्या टोकाला वीत-सव्वा वीत रुंदी द्या, त्याहून कमी असली तर घेर दिसतच नाही. सासऱ्यांचा सफारी कपाटात असेल तर मग बघायलाच नको, पण डांबराच्या गोळ्यांचा वास जायला दोन दिवस उन्हात टाका. आईची जुनी रेशमी साडी काढणार असाल तर आधी उजेडात धरून घड्या तपासा. माझ्या आईची एक साडी अशीच घडीवर चिरली, आणि ते दुःख अनामतीपेक्षा मोठं होतं.

पुढेमागे बजेट ५००० झालं तरी मी ते भाड्यात घालणार नाही. त्यात अंगाबरोबर बसणारं जुन्या पद्धतीचं ब्लाउज चांगल्या शिंप्याकडून शिवून घेईन, ते पुढेही वापरता येतं.

जीन्स मात्र आजच अल्टरवाल्याकडे टाका. आमच्याकडचे तरी शुक्रवारी नवीन काम हातात घेत नाहीत, आणि कळी लावल्यावर लांबी पुन्हा बघावी लागते. पार्टीत घालायच्या चपला सोबत न्या आणि त्या घालूनच लांबी ठरवा.