भाकरी मोजता, मग तेल का नाही?

प्रश्न (परभणी): डॉक्टर, दोन भाकरीच्या वर जेवत नाही तरी वजन वाढायलंय. थायरॉईड असंल का?

ताई, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) एकदा करून टाका, शंका नको. पण थायरॉईड मंद असला तरी त्यानं वाढलेलं वजन सहसा दोन-चार किलोच, त्यातही बरंचसं मीठ-पाणी, वीस किलो काही त्याच्या नावावर खपत नाहीत. भाकरी मोजता तसं चटणीवर ओतलेलं तेल पण मोजा, एका मोठ्या चमच्याला 120 कॅलरी!

प्रश्न (बीड): वडलांनी उभा जन्म ऊस तोडला, अंगावर मांस नाही. मी बँकेत, वजन 66च, हातपाय काटक्या पण पोट पुढं. असं कसं?

दादा, आपल्याकडं घरोघरी हेच. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमनं नवजात बाळं मोजली, आपलं सरासरी 2.7 किलोचं अन् इंग्लंडचं 3.5 चं, पण आपल्या बाळात कमी पडतात ते स्नायू, चरबी मात्र बऱ्यापैकी शाबूत. म्हणजे बारीक दिसतो तो बारीक असतोच असं नाही. हॉलंडमध्ये 1944-45 ला उपासमार झाली, तेव्हा जी पोरं आईच्या पोटात सुरुवातीच्या महिन्यांत होती ती 19 व्या वर्षी लष्करभरतीला आली तर त्यांच्यात जाडी जास्त निघाली. बाहत्तरच्या दुष्काळात लाल मिलो (बाहेरून आलेली ज्वारी) खाऊन दिवस काढलेल्या आपल्या आज्या आठवल्या की मला हे लई पटतं, अर्थात हा माझा अंदाज, पुरावा नव्हे. वडील खायचे ते कोयत्यात जायचं, तुमचं खुर्चीत साचतं. वजनकाटा सोडा, टेप घ्या, कंबर 90 सेंटिमीटरच्या वर गेली (बायांना 80) तर शुगर तपासा.

प्रश्न (लातूर): पावडर पिऊन 12 किलो उतरवले, वर्षात सगळे परत. लोकं म्हणतात जिभेवर ताबा नाही. पाकिटाचा फोटो जोडलाय.

म्हणू द्या लोकांना. चरबी नुसती पडून नसते, ती लेप्टिन नावाचं हार्मोन सोडते (1994 ला सापडलं), त्यावरून मेंदूला कळतं कणगी किती भरलीय. वजन उतरलं की लेप्टिन पडतं, जठरातलं भूक लावणारं घ्रेलिन चढतं, अन् दुष्काळ पडला समजून शरीर खर्चसुद्धा आखडतं. ऑस्ट्रेलियातल्या 2011 च्या अभ्यासात वर्ष उलटलं तरी ही हार्मोनं जागेवर आली नव्हती, मग तुमची जीभ एकटी काय करणार? पुढच्या वेळी पाच-सहा किलोच उतरवा अन् तेवढेच टिकवा, बीपी-शुगरला तेवढ्यानंही फरक पडतो. आणि ते पाकीट, त्यावर आत काय आहे हेच छापलेलं नाही, उकिरड्यावर टाका.