शिल्पकाराला आधी बोलव

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. पुलाचं ड्रॉइंग मंजूर झालं, आता त्यावर मूर्ती बसवायला शिल्पकार शोधतेय, असं तू लिहिलंस. 'बसवायला' या शब्दाशीच मी अडलो.

लंडनचा व्हॉक्सहॉल पूल आठव. दगडी पाये नदीत उभे राहिले आणि मग कळलं, तळाची माती काँक्रीटचा भार पेलणार नाही. त्याच पायांवर पोलादी सांगाडा चढवला. 1906 मध्ये पूल खुला झाला तो ओकाबोका. आर्किटेक्ट रायलींनी सुचवलेले उंच खांब नामंजूर झाले. शेवटी ड्र्यूरी आणि पॉमरॉय या दोन शिल्पकारांनी चार-चार ब्राँझमूर्ती घडवल्या, त्या 1907 मध्ये लागल्या. एकेक सुमारे दोन टनांची. मूर्ती सुरेखच आहेत; एकीच्या हातात तर चिमुकलं सेंट पॉल्स कॅथीड्रल आहे! पण त्या पायांवर, बाहेरच्या अंगाला. पुलावरून रोज जाणाऱ्याला पत्ताच नाही. बघायच्या तर होडी करा.

याउलट पॅरिसचा अलेक्झांडर तिसरा पूल, 1896 ते 1900 मधला. अट अशी की शाँझेलिझे रस्त्याकडून अँव्हालिदच्या घुमटाकडे जाणारी नजर अडता कामा नये. म्हणून रेझाल आणि आल्बी या इंजिनिअरांनी शंभर मीटरहून लांब एकच पोलादी कमान टाकली, उंची जेमतेम सहा मीटर. इतकी चपटी कमान टोकांना बाहेरच्या बाजूला किती रेटा देते, हे तुला मी सांगायला नको. टोकांना 17 मीटरचे चार दगडी स्तंभ आहेत, त्यांवर सोनेरी पंखांचे घोडे, दोन स्तंभांवरचे शिल्पकार फ्रेमिएचे. बघणाऱ्याला वाटतं, काय हा थाट! पण त्या स्तंभांचं वजन कमानीचा रेटा तोलून धरतं. तिथे शोभा कुठे संपते आणि बांधकाम कुठे सुरू होतं, मला अजून सांगता येत नाही.

मी स्वतः एकदा मूर्तीचं वजन ओतकाम झाल्यावर विचारलं होतं. चबुतरा फोडून पुन्हा बांधला, खर्च कोणी भरला ते विचारू नकोस.

तेव्हा स्ट्रक्चरवाल्यांच्या पुढच्या बैठकीला शिल्पकाराला ने. फक्त कल्पना ऐकवू नकोस, त्याच्या हातात शाडू दे आणि पुलाचं मॉडेल समोर ठेव. तो म्हणेल, हा खांब दोन फूट इकडे घ्या. तुला राग येईल. तरी हलवून बघ.

आणि मला जागेचे फोटो पाठव. काठावरून काढलेले नकोत, नावेतून काढ.

तुझा,
सर